कुठवर जुळवून घ्यायचं

सोलूरु ही भाषा सांगलीत तयार होते. हरभट रोडला लागून असलेल्या बोळातल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात, लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फ्लेक्स यांच्या मधल्या रिकाम्या वेळात. ती बोलणारी माणसं मूठभर: मी, माझी भाची आणि तिच्या अकरावीच्या वर्गातली काही पोरं. त्यांच्या गोष्टींच्या खेळात नदीकाठी राहणारी एक जमात आहे, तिला भाषा हवी होती. "आत्या, नुसते शब्द दे गं, व्याकरण नको," असं म्हणत भाची आली. व्याकरण नको म्हणणाऱ्याला आधी व्याकरणच द्यावं असं माझं मत आहे.

सोलू म्हणजे नदी. रु म्हणजे चा, ची, चे. सोलूरु, नदीची.

स्वरांचे दोन गट केले. आ, ओ, उ हे मागचे, कारण ते म्हणताना जीभ मागे सरते. ॲ, ए, इ हे पुढचे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद ठेवला नाही, पत्रिकांमध्ये त्याचा जाच पुरे होतो. एका मूळ शब्दात एकाच गटातले स्वर येतात आणि त्याला लागणारा प्रत्यय त्याच गटातला स्वर घेतो. म्हणजे प्रत्येक प्रत्ययाची दोन रूपं. 'आत' या अर्थाचा प्रत्यय मो किंवा मे. सोलू (नदी) – सोलूमो. नेबी (होडी) – नेबीमे. अनेकवचनाचा ला किंवा लॅ. नद्यांमध्ये, सोलूलामो. होड्यांमध्ये, नेबीलॅमे. नदीची सोलूरु, पण होडीची नेबीरि. पहिल्या स्वरानं जो सूर लावला तो शेवटच्या प्रत्ययापर्यंत चालत जातो. याला स्वरसंगती म्हणतात.

ही काही माझी कल्पना नव्हे. तुर्की भाषेत 'एव' म्हणजे घर आणि 'योल' म्हणजे रस्ता. घरात – एवदे, रस्त्यात – योलदा. घरं – एवलेर, रस्ते – योल्लार. फिनिशमध्ये 'तालो' (घर) – तालोस्सा, पण 'क्युलॅ' (गाव) – क्युलॅस्सॅ. इतकं लांब जायलाही नको. तेलुगूत 'ला' या अर्थी कि आणि कु असे दोन प्रत्यय आहेत: मांजराला पिल्लिकि, मोठ्या भावाला अन्नकु. शेवटी इ असेल तर कि. बंगालीत पूजेची पुजो झाली आणि बिलातीची (म्हणजे विलायतीची) बिलिती, तेही स्वर एकमेकांकडे ओढले गेल्यामुळेच. मराठीत मात्र हे असं चालत नाही. आपल्याकडे 'त' तो 'त', मग नदीत असो, होडीत असो की रस्त्यात.

स्वतःची भाषा रचणारे बरेच हौशी लोक स्वरसंगती घालतात ती गोड वाटते म्हणून. वाटतेच. नेबीलॅमे म्हणायला मजा येते. पण गोडव्यासाठी एवढा खटाटोप करायचा तर यमकं जुळवलेली काय वाईट? माझ्या लेखी तिचा खरा उपयोग दुसरा आहे. एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे ती कानाला सांगते.

मोडीचा एखादा जुना कागद बघितला असेल तर माझं म्हणणं पटेल. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढतात आणि तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात. दोन शब्दांमध्ये जागा नाही. वाचणाऱ्यानं आपल्या अकलेनं तोडत जायचं. सोलूरुची लिपी मी तशीच ठेवली, सलग. आता ही ओळ बघा:

दारोलासोलूरुनेबीमे

दारो म्हणजे माणूस, दारोला माणसं. 'माणसं नदीच्या होडीत' एवढाच मजकूर. डोळा फिरवला की 'रु'नंतर 'ने' येतो तिथे ठेच लागते. मागचा स्वर संपून पुढचा सुरू झाला, म्हणजे तिथे शब्द तुटलाच पाहिजे. हे नव्वद टक्के काम फुकटात झालं, असं भाची म्हणाली. नव्वद नाही म्हटलं तरी बरंच. 'दारोला' आणि 'सोलूरु' यांच्यामध्ये मात्र काहीच कळत नाही, कारण दोन्ही मागच्या गटातले. तिथे ला हा अनेकवचनाचा प्रत्यय ओळखीचा आहे म्हणून भागतं. गट बदलला तर शब्द बदलला हे नक्की, पण शब्द बदलला म्हणून गट बदलेलच असं नाही.

तर मग शब्दांत कोणी नियम मोडू नये, सगळे स्वर शिस्तीत चालावेत, असं कुणालाही वाटेल. मला उलट वाटतं. सगळीकडे चालणारा नियम ही भाषेतली सर्वांत कंटाळवाणी गोष्ट आहे. तुर्कीत चालू वर्तमानकाळाचा 'योर' असा एक प्रत्यय आहे. गेलियोर, येतोय. मूळ धातू 'गेल', पुढच्या स्वराचा. नियमानं सगळं पुढच्याच स्वरात चालायला हवं, पण योरमधला ओ जागचा हलत नाही. कारण एकेकाळी तो प्रत्यय नव्हताच, चालणे या अर्थाचं स्वतंत्र क्रियापद होतं, ते धातूला येऊन चिकटलं. आणि गंमत पुढेच आहे. 'मी येतोय' म्हणायचं तर गेलियोरुम. हा 'उम' आता गेलकडे बघत नाही, योरकडे बघतो. मधे एक हट्टी माणूस बसला आणि त्याच्यामागची सगळी रांग त्याच्या म्हणण्याप्रमाणे वळली. या एका योरमध्ये तुर्कीचा इतिहास जितका दिसतो तितका हजार शिस्तबद्ध शब्दांत दिसत नाही.

म्हणून सोलूरुत सूर कुठे अडतो आणि कुठे वळतो, यावरच माझा बहुतेक वेळ जातो.

पहिली जागा 'अ'. तो कुठल्याच गटात नाही. शब्दाच्या मधे आला तर सूर त्याच्यातून आरपार जातो: तोमल (वाळू) – तोमलमो, पेरन (दोर) – पेरनमे. पण ज्या शब्दांत नुसते अ आहेत, त्यांचं काय? दमल म्हणजे ढग. ढगात म्हणायचं तर दमलमो की दमलमे?

इथे मला हंगेरियन भाषेनं हात दिला. तिथे हाझ म्हणजे घर, अनेकवचन हाझॉक. केर्त म्हणजे बाग, अनेकवचन केर्तेक. सरळ हिशेब. पण हीद म्हणजे पूल, आणि पुलांना म्हणतात हिदॉक. ई पुढचा स्वर असून प्रत्यय मागचा! अभ्यासक सांगतात की या ईच्या जागी पूर्वी मागचा स्वर होता. तो गेला, त्याची हुकमत शिल्लक राहिली. संध्याकाळी आयर्विन पुलावरून घरी जाताना मला अजून कधीकधी 'हिदॉक' आठवतं आणि एकटीच हसते. लोक बघतात, बघू देत.

आपल्या जुन्या मराठीतही देवु, हातु असे शेवटी उ असलेले शब्द होते. तो उ झिजला. मराठीत त्याच्या झिजण्यानं पुढच्या प्रत्ययाचं काही बिघडलं नाही, पण सोलूरुत बिघडायला काय हरकत आहे? ठरवलं: दमल हा पूर्वी दमलु होता, म्हणून ढगात दमलमो. नपल, म्हणजे जाळं, हे पूर्वी नपलि होतं, म्हणून जाळ्यात नपलमे. दिसायला दोघे सारखे, वागायला वेगळे. पोरांना हे पाठ करावं लागतं आणि ती कुरकुरतात. कुठल्या खऱ्या भाषेत पोरं कुरकुरत नाहीत?

इथवर स्वरांचं झालं. व्यंजनांकडे मी वळले ती एका फ्लेक्समुळे.

एका संस्थेचा कार्यक्रम होता. वरच्या ओळीत पुस्तक प्रकाशन, खालच्या ओळीत इमारतीचं लोकार्पण, तळाला मार्गदर्शन आणि आभार. संस्थेचे सचिव दुकानात बसून स्क्रीनवर बघत होते. म्हणाले, "ताई, खाली लोकार्पण आहे, ण चा. मग वर प्रकाशन न चा कसा? दोन्ही एकसारखं करून टाका की." माझ्याकडे मुद्रितं तपासायला एक निवृत्त संस्कृतचे सर येतात, ते कोपऱ्यात चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला, आणि मी ओळखलं की आता ही ऑर्डर आज जात नाही.

सरांनी सांगितलेलं थोडक्यात असं. शब्दात र, ऋ किंवा ष असेल तर त्यानंतर येणाऱ्या न चा ण होतो. लगेच शेजारीच असायला हवा असं नाही, मधे बरंच अंतर असलं तरी चालतं. पाणिनीनं हे अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायाच्या चौथ्या पादात सांगितलंय. पहिलं सूत्र 'रषाभ्यां नो णः समानपदे'. आणि दुसऱ्या सूत्रात मधे काय काय आलेलं चालतं त्याची यादी: 'अट्कुप्वाङ्नुम्व्यवायेऽपि'. स्वर चालतात, ह, य, व, र चालतात, कवर्ग चालतो, पवर्ग चालतो. बाकीचे आले की खेळ खलास.

"आता हीच अक्षरं का चालतात ते सांगा," सर सचिवांना म्हणाले. सचिवांनी घड्याळाकडे बघितलं.

जिभेचं टोक. र आणि ष म्हणताना टोक वर वळतं. त्यानंतर प म्हटला, तर काम ओठांचं. क, ग म्हटला तर जिभेच्या बुडाचं. टोकाला कोणी हात लावत नाही, ते वळलेलंच राहतं, आणि न आला की तो त्या वळलेल्या टोकावर पडून ण होतो. पण मधे त, द, च, ज, श, स, ल यांपैकी कोणी आलं तर टोकाला आपलं काम सोडून त्यांच्याकडे जावं लागतं. वळण सुटलं. पुढचा न मग न च राहतो.

लोकार्पण: र नंतर प, मग न चा ण. प्रकाशन: र आहे, पण मधे श. मार्गदर्शन: र एक सोडून दोन आहेत, तरी श आडवा. स्मरण, भ्रमण, ग्रहण, श्रवण, निमंत्रण, अनावरण हे सगळे ण चे. कीर्तन, वर्धन, विसर्जन, अर्चन, रचना हे सगळे न चे, कारण त, ध, ज, च मधे पडतात. मी इतकी वर्षं हे शब्द टाइप करत होते, बोटांना ते बरोबर माहीत होते आणि डोक्याला त्याचा पत्ता नव्हता.

सरांचा हुकमी एक्का शेवटी निघाला. सूर्य उत्तरेकडे सरकतो ते उत्तरायण, दक्षिणेकडे सरकतो ते दक्षिणायन. दोन्हीकडे अयन तेच. उत्तरमधल्या र मुळे पहिल्यात ण झाला. मग दक्षिणमध्ये ष आहे की, तिथे का नाही? कारण त्या ष नं आधी दक्षिणमधल्याच न चा ण केला, आणि तो ण म्हणजे टवर्गातला, जिभेचं टोक वापरणारा. तो मधे उभा राहिला आणि पुढे जाऊ देईना. नियमाचं फळच नियमाच्या वाटेत आडवं आलं! सचिवांनी "बरं, छापा मग," म्हटलं आणि गेले, पण मी त्या दिवशी आणखी काही काम केलं नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण सरांशी माझा त्यावरून वाद आहे. हा नियम संस्कृत शब्दांचा. पाणी, लोणी, कोण यांतला ण यातून आलेला नाही, त्यांत र कुठे आहे? तो प्राकृतातून आला, जिथे दोन स्वरांमधल्या न चा ण झाला होता. त्यामुळे आमच्याकडे खेड्यातलं माणूस पानी, लोनी म्हणतं तेव्हा ते पाणिनीचा कुठलाही नियम मोडत नाही. त्यावर हसणाऱ्या कितीजणांना दक्षिणायनमध्ये न का, हे सांगता येईल, मला शंका आहे. सर म्हणतात शुद्ध ते शुद्ध. असो.

जगात असं व्यंजनांचं दुरून जुळवून घेणं बऱ्याच ठिकाणी सापडतं आणि त्यात सर्वांत जास्त वेळा दिसते स-शची जोडी. अमेरिकेतल्या नाव्हाहो भाषेत एका शब्दात स च्या जातीचे आणि श च्या जातीचे आवाज एकत्र नांदत नाहीत. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या चुमाश भाषांत तर शब्दातला या जातीचा शेवटचा आवाज ठरवतो. शेवटी श असेल तर आधीचे सगळे स बदलून श होतात. उजवीकडून डावीकडे. यातल्या सांता बार्बराकडच्या भाषेची शेवटची जन्मभाषक बाई 1965 साली वारली, त्यामुळे हे आता अभ्यासकांच्या टिपणांतून कळतं.

मला ते उलटं चालणं फार आवडलं. स्वर डावीकडून उजवीकडे जातात, मग सोलूरुची स-श मंडळी उजवीकडून डावीकडे येऊ देत. एका बाजूला स, चाकातला च, आणि 'सुखानं जग' मधला ज. दुसऱ्या बाजूला श, चारमधला च, आणि 'सारं जग' मधला ज. देवनागरीत हे दोन च आणि दोन ज एकाच अक्षरात लिहिले जातात. मराठी माणसाला काही अडत नाही, पण माझ्या शब्दकोशात अडतं, म्हणून चाकातल्या च ला खाली नुक्ता देते: च़.

काही करणाऱ्या माणसासाठी प्रत्यय चो किंवा चे, चारमधला च. सोमा म्हणजे विणणे. विणणारा? सोमाचो नाही. शेवटचा च बघून आधीचा स बदलतो: शोमाचो.

भाचीनं पहिला आक्षेप घेतला तो अगदी रास्त. "मग शब्दकोशात मी हा स मध्ये शोधू की श मध्ये?" स्वरांचा नियम शेपटीला हात घालतो, तिथे चालून जातं. हा नियम शब्दाचं तोंडच बदलतो, आणि शब्दकोश तोंडावरून लावतात. वेल्श भाषा शिकणाऱ्यांना असंच होतं म्हणतात, तिथे शब्दाचं पहिलं व्यंजन संदर्भानं बदलतं आणि माणूस कोशात भलत्याच पानावर जातो. मी तिला म्हटलं, सवय होईल. आणि एक अडसरही दिला. ट, ठ, ड, ढ, ण, ळ यांपैकी काही मधे आलं तर सूर तिथे थांबतो. सोटा म्हणजे खोदणे. खोदणारा, सोटाचो. ट मधे आहे, स सुरक्षित. हा दक्षिणायनचा प्रसाद.

नियम कागदावर सुबक बसले. मग पोरं बोलायला लागली.

त्यांच्या तोंडून शोमाचो येईना. सोमाच़ो यायचं, चाकातल्या च नं. मी दुरुस्त करायची, ती पुन्हा तेच म्हणायची. पण सेनी (पेरणे) चं पेरणारा विचारलं की बिनचूक शेनीचे. मागच्या स्वरांच्या प्रत्येक शब्दात तोच प्रकार, पुढच्या स्वरांच्या शब्दांत सगळं बरोबर. दोन-तीन रविवार मी नुसती ऐकत बसले.

कारण अर्थातच मराठी तोंड. ओ च्या आधी च आला की आपल्याला चोर, चोच आठवतात, जीभ दातांकडे जाते. ए, इ च्या आधी मात्र ती टाळूलाच लागते. 'माझा' म्हणून बघा आणि लगेच 'माझी' म्हणून बघा, झ बदलतो. 'त्याचा' आणि 'त्याची', च बदलतो. पैसा पण पैशाला, घसा पण घशात, तिथेही पूर्वी असलेल्या य नं स चा श केला. मराठीत स्वर शेजारच्या व्यंजनाला आपल्यासारखं करून घेतोच, फक्त दूरवर जात नाही. पोरांनी चो ला च़ो केलं, तो सहज. पण त्यापुढे त्यांनी माझा नियम पाळला! शेवटी च़ आहे, म्हणजे दातांकडचा, म्हणून आधीचा स तसाच ठेवला. व्यंजनसंगती जशीच्या तशी, फक्त बाजू बदललेली. आणि याचा परिणाम बघा: मागच्या स्वरांचे शब्द सगळे स, च़ चे झाले, पुढच्या स्वरांचे सगळे श, च चे. मी दोन स्वतंत्र नियम केले होते, त्यांच्या तोंडात त्यांचा एकच झाला.

हे ऐकून मला एकदम कराइम आठवली. लिथुआनियात त्राकाय नावाचं गाव आहे, तिथे चौदाव्या शतकाच्या अखेरीस क्रिमियातून आणलेली कराइम मंडळी राहतात. त्यांची भाषा तुर्कीच्या कुळातली, म्हणजे स्वरसंगतीवाली. पण आजूबाजूला शेकडो वर्षं स्लाव्ह भाषा आणि लिथुआनियन, ज्यांत मृदू आणि कठोर व्यंजनांचा भेद मोठा (शाळेतले मृदू-कठोर नव्हेत; मृदू म्हणजे जीभ टाळूकडे उचलून म्हटलेलं, कठोर म्हणजे तशी न उचलता). त्राकायच्या बोलीत झालं असं की पुढचे-मागचे स्वर हा भेद स्वरांकडून सरकून व्यंजनांकडे गेला. एका शब्दातली व्यंजनं सगळी मृदू किंवा सगळी कठोर. स्वरसंगतीची व्यंजनसंगती झाली. शेजारच्या भाषांनी तोंड वळवलं, नियमाचा सांगाडा तोच राहिला. सांगलीच्या अकरावीतल्या पोरांनी एका खोट्या भाषेचं तेच करून दाखवलं.

भाचीचं म्हणणं, आता तुझा नियम रद्द कर. मी रद्द केला नाही. सोलूरुच्या आता दोन बोली आहेत. वरच्या अंगाला, घाटाकडे, शोमाचो म्हणतात. खाली, जिथे नदी रुंद होते तिथे सोमाच़ो. गोष्टींच्या खेळात यामुळे एक भांडणही तयार झालं, वरचे खालच्यांना 'बोबडे' म्हणतात. पोरांनी ते स्वतःहून घातलं. माणसं भाषा शिकायच्या आधी दुसऱ्याच्या भाषेला हसायला शिकतात बहुतेक.

आता उसन्या शब्दांचा प्रश्न चालू आहे, कारण पोरांना खेळात खरी गावं हवी आहेत. तुर्कीत 'किताप' आहे, आपली किताबच. इ पुढचा, आ मागचा, म्हणजे शब्द जन्मतःच बेशिस्त. तुर्कांनी तो सरळ केला नाही. शेवटचा स्वर बघायचा आणि प्रत्यय लावायचा: कितापलार. पण 'साआत', म्हणजे घड्याळ, त्याचं अनेकवचन साआतलेर, जरी दोन्ही आ मागचे. अरबीतून येताना शेवटच्या त नं आपला मूळ उच्चार सोबत आणला, असं सांगतात. मी साआतच्या वाटेला जात नाही. शेवटचा स्वर बघायचा, बस.

मग भाचीनं जिल्हा हातात घेतला. सांगलीमे. मिरजमे, कारण अ मोजायचा नाही, उरला इ. तासगावमो, पलूसमो, वाळवामो, खानापूरमो, कडेगावमो. आटपाडीमे, शिराळामो. तासगावचा बेदाणा हा तर किताबसारखाच, ए आणि आ एकत्र: बेदाणामो. हे सगळं बिनविरोध झालं.

भडंगाशी अडलं. तीनही अ. दमलसारखा त्याला काही इतिहास नाही, तो सोलूरुत काल आला. पोरं काय करतात, तर आधीच्या शब्दाकडे बघतात. सोलूरु भडंगमो, पण नेबीरि भडंगमे. म्हणजे सूर शब्दाची वेस ओलांडून शेजारच्या शब्दात शिरायला लागला. ऐकायला छान आहे, पण माझ्या सलग लिपीत मग शब्द तोडायचे कशावरून? हे मी चालू देणार नाही. फिनिशमध्ये नुसते तटस्थ, म्हणजे कुठल्याच गटात न मोजले जाणारे, स्वर असलेला शब्द पुढच्या गटाचा प्रत्यय घेतो, 'तिए' (रस्ता) – तिएस्सॅ. तसंच इथे: उसना शब्द, नुसते अ, तर मे. भडंगमे.

या नियमानं जतमे. वर्गात जतचा एक मुलगा आहे, तो ऐकत नाही. "ताई, जतमो. जतमे कोण म्हणतंय?" कोणीच म्हणत नाही, रे बाबा, भाषाच तुम्ही पाच जण बोलता. पण गाव त्याचं आहे, म्हणून जतमो अपवाद म्हणून कोशात घातलंय.

कवठेमहांकाळचं मात्र अजून ठरायचंय. मी तो जोडशब्द धरते. फिनिशमध्ये जोडशब्दाचे दोन भाग आपापला सूर सांभाळतात आणि प्रत्यय शेवटच्या भागाकडे बघतो. तसं धरलं तर महांकाळचा आ, म्हणजे मो. भाची म्हणते, तिच्या ओळखीतली तिकडची पोरं नुसतं कवठे म्हणतात, मग कवठेमे. तिकडचं कोणी वाचत असेल तर सांगा, तुम्ही घरी काय म्हणता?